अर्धवट राहिलेले बायोस अपडेट आणि जळगावातील एक दुरुस्ती

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, केळीची कापणी भरात असताना, माझा लॅपटॉप एका अर्धवट राहिलेल्या अपडेटमुळे बंद पडला आणि जळगावच्या गोलाणी मार्केटमधील एका लहानशा दुकानाने तो तीन दिवसांत चालू करून दिला. मी सावद्याला राहतो आणि दोन केळी व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. काटापट्ट्या, बिल्ट्या, शेतकऱ्यांची देणी या सगळ्यांची नोंद त्या एकाच यंत्रात होती, त्यामुळे ते तीन दिवस कसे गेले हे वेगळे सांगायला नको. दुकानाचे काम मला एकंदरीत उत्तम वाटले. एका बाबतीत मात्र ते कमी पडले आणि ती बाब लहान नव्हती. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण तक्रारही लिहायची आहे. लॅपटॉपच्या कंपनीचेही नाव देत नाही, कारण जे घडले त्यात तिच्या यंत्राचा दोष फारसा नव्हता.

घडले ते असे. विंडोजच्या नेहमीच्या अपडेटांच्या यादीत एक नोंद फर्मवेअरची, म्हणजे विंडोजच्या आधी यंत्र जागे करणाऱ्या मूळ कार्यक्रमाची, होती, आणि ती माझ्या लक्षात आली नाही. अशी अपडेट विंडोज चालू असताना बसत नाहीत. विंडोज फक्त फाइल उतरवून ठेवते आणि संगणक पुन्हा सुरू होताना बायोस, म्हणजे आजच्या भाषेत यूईएफआय, ती फाइल उचलून स्वतःला नव्याने लिहून घेते. पडद्यावर कंपनीचे चिन्ह, खाली सरकणारी पट्टी आणि यंत्र बंद करू नये अशी सूचना, एवढेच दिसत होते. पट्टी निम्म्याच्या आसपास असताना वावटळ उठली आणि वीज गेली. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे आणि दिवेच जोडलेले आहेत. लॅपटॉपची बॅटरी थोड्या वेळापूर्वी ६१ टक्के दाखवत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. तरीही अडॅप्टरची वीज तुटताच पडदा त्याच क्षणी काळा झाला.

याचे कारण मला दुकानात समजले. अपडेट सुरू करण्यापूर्वी यंत्र दोन गोष्टी पाहते: अडॅप्टर जोडलेला आहे का आणि बॅटरीचा आकडा ठरावीक टक्क्यांच्या वर आहे का. हा आकडा बॅटरीच सांगते. चार वर्षे वापरलेल्या, आतून थकलेल्या बॅटरीचा आकडा कागदावर चांगला असतो, पण भार पडताच तिचे व्होल्टेज कोसळते. खान्देशच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कार्यालयात दिवसभर चार्जिंगला लावून ठेवलेल्या बॅटरीची अवस्था याहून बरी असण्याचे कारणही नव्हते. तपासणीत ती उत्तीर्ण झाली आणि प्रत्यक्ष परीक्षेत एक सेकंदही टिकली नाही.

वीज परत आल्यावर पॉवरचे बटण दाबले, तर पंखा फिरे, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुके आणि थोड्या वेळाने काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी उमटत. फर्मवेअर खराब झाले आहे आणि रिकव्हरीची फाइल सापडत नाही, असा त्यांचा अर्थ होता. त्यानंतर यंत्र बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होई आणि हेच चक्र चालू राही.

अशा संदेशाने घाबरलेला माणूस पहिल्यांदा आपल्या फाइलींचा विचार करतो, आणि त्याच घाईत चुकतो. फर्मवेअर हे एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कवर, नसते. मदरबोर्डवर आठ पायांची, नखाएवढी एक फ्लॅश चिप असते; तिची क्षमता साधारण ८, १६ किंवा ३२ एमबी असते आणि बायोस तिच्यात राहतो. अपडेट म्हणजे त्या चिपमधील एकेक भाग आधी पुसणे, मग त्यावर नवा मजकूर लिहिणे आणि शेवटी तो पडताळून पाहणे. वीज पुसणे आणि लिहिणे यांच्या मध्ये गेली, तर तेवढा भाग कोरा राहतो. माझे हिशेब एसएसडीवर जसेच्या तसे होते, फक्त तिथपर्यंत पोहोचवणारा वाटाड्या अर्धा पुसला गेला होता.

दुकानाकडे वळण्यापूर्वी मी तीन ठिकाणी वेळ घालवला. गावातल्या एका ओळखीच्या तंत्रज्ञाने मागचे झाकण उघडून नाण्याच्या आकाराचा सेल काढला, दहा मिनिटांनी परत बसवला आणि ‘आता रिसेट होईल’ असे सांगितले. या सेलमुळे घड्याळ चालते आणि जुन्या यंत्रांत काही सेटिंगही त्यावर टिकत, परंतु फ्लॅश चिपमधला मजकूर विजेशिवायही राहतो. म्हणून जे पुसले गेले ते सेल काढल्याने परत येत नाही. दुसऱ्याने इंटरनेटवरून फाइल उतरवून पेनड्राइव्हवर दिली. ती त्याच मालिकेतल्या पण वेगळ्या मॉडेलची होती, आणि यंत्राने ती नाकारली, हे माझे नशीबच म्हणायचे. तिसरे ठिकाण कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र. तेथे यंत्र पाच मिनिटे पाहून मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगण्यात आले: २२,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. चिप वाचून पाहता येईल का, असे मी विचारले, तेव्हा आम्ही चिपच्या पातळीवर काम करत नाही, असे सरळ उत्तर मिळाले. उत्तर प्रामाणिक होते, पण चार वर्षांच्या लॅपटॉपवर एवढा खर्च करण्यापेक्षा नवा घेतलेला बरा.

गोलाणी मार्केटमधील दुकान वरच्या मजल्यावर, एका टोकाला आहे. आत दोन खुर्च्या, एक लांब टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, हॉट एअर मशीन आणि उघडलेल्या मदरबोर्डांची रास. एसी नाही. बाहेर ४४ अंश तापमान असताना आतला मुलगा तीनशे अंशांच्या गरम हवेने चिपा उतरवत होता आणि तक्रार करत नव्हता, याचे मला राहून राहून नवल वाटले. मालक अमळनेरकडचे आहेत. त्यांनी यंत्र सुरू केले, संदेश वाचला, दिव्याची लुकलुक दोनदा मोजली आणि अहिराणीत म्हणाले, “भाऊ, हाई मरेल नही शे, जपेल शे.” मेलेला नाही, झोपलेला आहे. सेवाकेंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाला हे वाक्य फार बरे वाटते. पण त्यामागे कारणही होते. संदेश दिसतो आहे याचा अर्थ चिपमधला सुरुवातीचा संरक्षित भाग, ज्याला ते बूट ब्लॉक म्हणतात, शाबूत आहे. प्रोसेसर, रॅम आणि पडदा काम करत आहेत. बोर्ड जळलेला असता तर या दोन ओळीही उमटल्या नसत्या.

पहिला प्रयत्न त्यांनी चिपला हात न लावता केला, आणि माझ्या मते चांगल्या दुकानाची ही पहिली खूण आहे. बहुतेक कंपन्यांनी अशा प्रसंगासाठी वाट ठेवलेली असते. एचपीच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज आणि बी या कळा धरून पॉवरचे बटण दाबायचे असते; डेलच्या अनेक यंत्रांवर कंट्रोल आणि एस्केप धरून अडॅप्टर जोडायचा असतो. मग बूट ब्लॉक पेनड्राइव्हवर योग्य नावाची फाइल शोधतो. पेनड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो, आणि फाइल नेमक्या आपल्याच मॉडेलची, कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेली असावी लागते. त्यांनी लॅपटॉपच्या तळावरचा क्रमांक भिंगातून वाचला, त्यानुसार फाइल घेतली आणि ८ जीबीचा एक जुना पेनड्राइव्ह तयार केला. पट्टी या वेळी शेवटपर्यंत गेली. यंत्र बंद झाले, सुरू झाले आणि पुन्हा त्याच दोन ओळी आल्या.

येथे कमी धीराचा माणूस इंटरनेटवरून दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपची पूर्ण चिप फाइल उतरवून सरळ लिहून मोकळा झाला असता. हा मार्ग बाजारात सर्रास चालतो. यंत्र बहुधा सुरूही होते, म्हणून ग्राहकाला काही कळत नाही. परंतु त्या १६ एमबीमध्ये केवळ बायोस नसतो. आपल्या यंत्राचा अनुक्रमांक तेथे असतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, यंत्राबरोबर आलेल्या विंडोजची परवाना-किल्ली तेथे असते. इंटेलच्या यंत्रांत मॅनेजमेंट इंजिनचा, म्हणजे प्रोसेसरच्या जोडीला आत चालणाऱ्या लहान नियंत्रकाचा, वेगळा भाग असतो आणि तो त्या-त्या बोर्डाशी जुळवलेला असतो. परका मजकूर बसला की कोणाचे यंत्र अर्ध्या तासाने आपोआप बंद होऊ लागते, कोणाचा पंखा पूर्ण वेगाने घोंघावत राहतो, कोणाची विंडोज परवाना नसल्याचे सांगू लागते. यंत्र सुरू झाले म्हणजे दुरुस्त झाले असे समजून माणूस घरी जातो आणि पुढची दोन वर्षे दोष विंडोजला देतो.

या दुकानाने आधी वाचले, मग लिहिले. माझ्या मते साऱ्या दुरुस्तीचे मोल या क्रमात होते.

चिपवर भिंग धरून मालकांनी मला तिचा क्रमांक वाचायला लावला: डब्ल्यू २५ क्यू १२८ आणि पुढे दोन अक्षरे. १२८ हा आकडा मेगाबिटचा, म्हणजे १६ एमबी. शेवटची अक्षरे जेव्ही असतील तर चिप ३.३ व्होल्टची, जेडब्ल्यू असतील तर १.८ व्होल्टची. वर दिसायला दोन्ही सारख्याच, परंतु १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ व्होल्ट दिले तर ती निकामी होऊ शकते. माझी जेव्ही निघाली. काही शे रुपयांत मिळणाऱ्या सीएच ३४१ ए या प्रोग्रामरवर, म्हणजे चिप वाचण्या-लिहिण्याच्या उपकरणावर, कित्येक हौशी लोक हे काम घरी करून पाहतात. त्याच्या काळ्या रंगाच्या नमुन्यात चिपचा पुरवठा ३.३ व्होल्टचा असला तरी सिग्नलच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, ही खोड सगळ्यांना माहीत नसते. दुकानात तोच काळा प्रोग्रामर दिसला तेव्हा मी जरा साशंक झालो. त्यावर तारेचा एक तुकडा डागून ही खोड काढलेली त्यांनी दाखवली, आणि माझी शंका त्यांना आवडली असावी, कारण तेव्हापासून ते मला प्रत्येक पायरी समजावून सांगू लागले.

बॅटरी सोडवून, चिपला चिमट्यासारखी क्लिप लावून त्यांनी मजकूर दोनदा वाचला. दोन्ही वाचनांची चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या, जुळली नाही. बोर्डावर बसलेल्या चिपला वीज दिली की ती शेजारच्या भागांतही झिरपते आणि वाचन बिघडते. येथे त्यांनी तडजोड केली नाही; चिप गरम हवेने उतरवली, वेगळ्या सॉकेटमध्ये बसवली आणि तीनदा वाचली. तिन्ही फाइली तंतोतंत जुळल्या, तेव्हाच त्यांनी ती प्रत सुरक्षित ठेवली. मग पडद्यावर तो मजकूर उघडून मला दाखवला. अक्षरे आणि आकड्यांची गर्दी चाललेली असताना एका ठिकाणाहून एफएफ, एफएफ, एफएफ अशा सलग ओळी सुरू झाल्या आणि पुढे पानेच्या पाने तशीच गेली. पुसलेल्या फ्लॅशचा प्रत्येक बाइट असा दिसतो. वीज नेमकी कोठे गेली, ती जागा मी डोळ्यांनी पाहिली.

मग पेनड्राइव्हने काम का झाले नाही? त्यांचे स्पष्टीकरण असे की, रिकव्हरीत बायोसचा मूळ कार्यक्रम नव्याने लिहिला जातो, पण सेटिंग साठवण्याचा भाग जसाच्या तसा ठेवला जातो, आणि माझ्या यंत्रात नेमका तो भाग अर्धवट लिहिलेला होता. नवा बायोस सुरू होई, बिघडलेली सेटिंग वाची आणि अडखळे. म्हणून त्यांनी कंपनीच्या फाइलमधून बायोसचा भाग वेगळा काढला, सेटिंगची जागा कोरी केली, आणि अनुक्रमांक, परवाना व मॅनेजमेंट इंजिन हे सारे माझ्याच चिपच्या प्रतीतून उचलून एक फाइल जुळवली. या जुळवणीला एक संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ लागली. चिपवर लिहून पडताळायला काही मिनिटे पुरली.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर बराच वेळ पडदा काळाच राहिला आणि यंत्र स्वतःहून दोनदा बंद-चालू झाले. माझा हात बटणाकडे जाताच मालकांनी तो धरला. सेटिंग कोरी असताना यंत्र रॅमची जुळणी नव्याने करते आणि त्याला वेळ लागतो. याच वेळी घाबरून बटण दाबणारे लोक झालेले काम बिघडवतात. तिसऱ्या खेपेला कंपनीचे चिन्ह आले. अनुक्रमांक माझाच होता.

आणि मग निळा पडदा आला: बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी किल्ली द्या.

माझी तक्रार येथे आहे. बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय; त्याची किल्ली टीपीएमशी, म्हणजे यंत्रातल्या किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा-चिपशी, बांधलेली असते. फर्मवेअर किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की टीपीएम ती सोडत नाही आणि विंडोज ४८ आकडे मागते. जो माणूस रोज चिपा लिहितो, त्याला हे माहीत असतेच. यंत्र हातात घेताना ‘किल्ली आहे का’ हा एक प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता. मालकांचे म्हणणे असे पडले की, पुष्कळ यंत्रांत बिटलॉकर चालूच नसते. असेल, पण विंडोज ११ असलेल्या कित्येक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करताच हे एन्क्रिप्शन गुपचूप चालू होते, आणि लॅपटॉप वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. मला नव्हता. मदरबोर्ड बदलला असता तरी हीच किल्ली लागली असती, आणि एसएसडी काढून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली असती तरीही. अधिकृत सेवाकेंद्रानेही याचा शब्द काढला नव्हता, हे न्यायाने नोंदवले पाहिजे.

मायक्रोसॉफ्टचे खाते मी लॅपटॉप घेतला तेव्हा पुण्यातल्या भाच्याने उघडून दिले होते आणि त्याचा पासवर्ड मला आठवत नव्हता. भाचा कामावर होता, फोन उचलेना. दोन तास मी दुकानात बसून होतो. मधल्या वेळात खाली जाऊन शेवभाजी खाल्ली, तिची चव मात्र कळली नाही. अखेर भाच्याचा फोन आला, “मामा, किल्ली खात्यातच जपलेली असते,” असे म्हणत त्याने मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवले. मी टंकत गेलो, हिशेब उघडले, आणि वीज गेली त्या दिवशी सकाळी चढवलेली शेवटची बिल्टीही जागेवर सापडली.

बिल १,८०० रुपये झाले. कामाच्या मानाने ते कमीच आहे. परंतु यंत्र ठेवून घेताना अंदाजपत्रक दिले गेले नव्हते, एका चिठ्ठीवर मॉडेल आणि माझा फोन नंबर एवढेच लिहिले होते; काम फसले तर किती द्यायचे, चिप गेली तर जबाबदारी कोणाची, हे कोठेच नव्हते. दुपारनंतर दुकानाचा फोन कोणी उचलत नाही, त्यामुळे तालुक्याच्या गावाहून येणाऱ्याला हेलपाटा पडू शकतो. मला एक पडला. जाताना अडॅप्टर, खरेदीचे बिल आणि बिटलॉकरची किल्ली बरोबर न्यावी. या उणिवांसाठी मी एक तारा कापतो आणि पाचपैकी चार देतो. यंत्र परत देताना त्यांनी दोन्ही फाइली, बिघडलेली आणि जुळवलेली, न मागता माझ्या पेनड्राइव्हवर घालून दिल्या. पुन्हा असे झाले तर कोणत्याही जाणकाराचे काम त्यामुळे तासाभराचे होईल.

बॅटरीही त्यांच्याकडूनच बदलून घेतली. जूनमध्ये विंडोजने तेच फर्मवेअर पुन्हा पुढे केले, कारण दुकानात बसवलेली आवृत्ती त्याच्या आधीची होती. मी किल्ली वहीत उतरवून घेतली, नवी बॅटरी ९० टक्क्यांच्या वर नेली, बिटलॉकर तात्पुरते थांबवले, अडॅप्टर इन्व्हर्टरवरच्या सॉकेटला जोडला, त्यासाठी वायरमनकडून एक जास्तीचा पॉइंट काढून घेतला होता, आणि सकाळी सहा वाजता, वारा पडलेला असताना, रिस्टार्ट दाबले. सात मिनिटे मी खुर्चीवरून उठलो नाही. पट्टी शेवटपर्यंत गेली.